रॉकेट लीग: आमच्या मुलींना ‘खो’ द्यायला शिकवणारा गेम

नेरुळला, आमच्या सेक्टरच्या मैदानावर मी बारा ते चौदा वर्षांच्या मुलींना फुटबॉल शिकवते. दिवसभर वाशीच्या एपीएमसीत, दाणाबाजारातल्या एका पेढीवर हिशेब बघते आणि संध्याकाळी सहाला मैदानावर असते. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत जी एक गोष्ट मला काही केल्या शिकवता आली नव्हती, ती गाड्यांच्या एका व्हिडिओ गेमनं एका पावसाळ्यात बऱ्यापैकी शिकवली. म्हणून त्या गेमबद्दल सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरी खेळणारं मूल आहे, किंवा जे माझ्यासारखे शिकवतात, त्यांच्यासाठी.

ती गोष्ट म्हणजे चेंडू सोडणं.

लहान मुलांचा फुटबॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चेंडू जिथे, तिथे सगळ्या. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात तशा. ‘पांगा गं, पांगा!’ म्हणून मी ओरडायचे, मुली पांगायच्या आणि पाच सेकंदांत पुन्हा तिथेच जमायच्या. मी शंकू मांडले, चुन्यानं मैदानाचे उभे पट्टे पाडले, आपापला पट्टा सोडायचा नाही असा नियम केला. नियम असेपर्यंत पाळायच्या. सामना सुरू झाला की गूळ आणि मुंगळे. यात त्यांचा हट्ट नसतो. चेंडूपासून लांब गेले म्हणजे मी खेळाच्या बाहेर गेले, असं त्या वयात खरंच वाटतं.

३० ऑक्टोबर २०२२ला इथेच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तेव्हाच्या तुकडीतल्या नऊ मुलींना घेऊन मी गेले होते. आमच्या जागा वरच्या बाजूला होत्या. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं, तेही स्वयंगोलवर, पण मला आठवतो तो आमच्या सात नंबरनं विचारलेला प्रश्न. ‘ताई, ती पलीकडची एकटीच का उभी आहे? तिला कोणी पास का देत नाहीये?’ चेंडू डावीकडे होता आणि ती मुलगी उजव्या रेघेला चिकटून. मी म्हटलं, बघत राहा. थोड्या वेळानं चेंडू तीन पायांतून फिरत तिच्याकडे गेला, तेव्हा तिच्यासमोर आख्खं रान मोकळं होतं. सात नंबर नुसती ‘ओह’ म्हणाली. वरून बघितल्यावर तिला जे एका मिनिटात कळलं, ते मैदानात उभं राहून वर्षभरात कळलं नव्हतं. हे माझ्या डोक्यात राहिलं होतं.

मग २०२५चा पावसाळा. आमच्या मैदानात घोटाभर पाणी साचतं आणि गवताखाली जुन्या बांधकामाची खडी आहे, त्यामुळे मुलींना उतरवायची हिंमत होत नाही. टर्फचं तासाचं भाडं आमच्या फीमध्ये बसत नाही. एका शनिवारी आठ-नऊ मुली माझ्या घरी भजी खात बसल्या होत्या आणि माझ्या भाच्यानं टीव्हीला त्याचं पीएस४, म्हणजे गेम खेळायचं प्लेस्टेशन यंत्र, जोडून ठेवलं होतं. ‘मावशी, यांना रॉकेट लीग लावून देऊ का? फुटबॉलच आहे, फक्त गाड्यांनी.’ मी हो म्हटलं ते त्यांचा दंगा आवरावा म्हणून.

गेम असा आहे. बंदिस्त मैदान, दोन्ही टोकांना गोल, मधे गाडीपेक्षा मोठा चेंडू. प्रत्येकाकडे एक गाडी. ती धावते, उडी मारते, भिंतीवर चढते आणि बूस्ट, म्हणजे जोराचा धक्का देणारं इंधन, असेल तर हवेतही उडते. सामना पाच मिनिटांचा, बरोबरी झाली तर पुढचा पहिला गोल करणारा जिंकतो. चेंडू मैदानाबाहेर जातच नाही, त्यामुळे थ्रो-इन नाही, ऑफसाइडही नाही. अमेरिकेतल्या सायॉनिक्स कंपनीनं तो २०१५मध्ये आणला, २०१९मध्ये एपिक गेम्सनं ती कंपनी घेतली आणि सप्टेंबर २०२०पासून गेम फुकट आहे. संगणकावर, प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर, स्विचवर चालतो. खेळायच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण आपल्या कामाची एकच: तीन विरुद्ध तीन.

पहिल्या शनिवारी तिघी मुली विरुद्ध तीन बॉट, म्हणजे गेम स्वतःच चालवतो त्या गाड्या, असा सामना लावला. पडद्याचे तुकडे केले होते, प्रत्येकीला आपापला कोपरा. आणि मी बघतच राहिले, कारण माझ्या मैदानावरचा गोंधळ जसाच्या तसा टीव्हीवर होता. तिन्ही गाड्या चेंडूवर, एकमेकींना धडकून उलट्या पडतायत, मागे गोल उघडा. बॉटनी सहा की सात गोल केले. फरक एवढाच की इथे चूक लपत नव्हती. मैदानावर मी सांगते, ‘तू आणि ती दोघी एकाच चेंडूला गेलात,’ तर उत्तर येतं, ‘नाही ताई, मी नव्हते.’ इथे सामना झाल्यावर तोच रिप्ले लावता येतो, हव्या त्या कोनातून, वरूनसुद्धा, किंवा दुसरीच्या गाडीमागून. स्टेडियमची वरची जागा घरात आली म्हणा ना. आम्ही पाच मिनिटं खेळायचो आणि पंधरा मिनिटं बघायचो. पुढे खेळण्यापेक्षा बघण्यातच जास्त वेळ जायला लागला आणि खरं शिक्षण तिथेच झालं.

रॉकेट लीग खेळणारे ज्याला रोटेशन म्हणतात, ते या गेमचं हृदय आहे. तिघांपैकी एक चेंडूवर. दुसरा त्याच्या मागे, पास किंवा उडालेला चेंडू घ्यायला तयार. तिसरा लांब, गोलच्या बाजूला. पहिल्याचं काम झालं, म्हणजे मारून झालं किंवा हुकलं, की त्यानं तिथे घुटमळायचं नाही. बाजूनं वळून थेट मागे यायचं आणि तिसरा व्हायचं. तोवर दुसरा पहिला झालेला असतो. हे चक्र सतत फिरतं ठेवायचं.

मी हे कागदावर बाण काढून समजावत होते. तेवढ्यात आमची अकरा नंबर, जी शाळेच्या खो-खो संघातही आहे, म्हणाली, ‘ताई, हे खो दिल्यासारखंच आहे की.’

खोलीत एकदम सगळ्यांना कळलं. त्याच जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला होता, प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं अंतिम फेरीत नेपाळला ७८-४० असं हरवलेलं या मुलींनी पाहिलं होतं. खो-खोत आठ जणी बसलेल्या, नववी धावते. तिला मधली पट्टी ओलांडता येत नाही, उलटं फिरता येत नाही. पळणारी निसटली की ती बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून खो देते आणि तिच्याच जागी बसते. बसण्यात कमीपणा नाही. ती बसली म्हणूनच पाठलाग चालू राहतो. आणि खो मिळायच्या आधी उठलं तर फाउल. पहिली गाडी चेंडूवर असताना दुसरीनं झेप घ्यायची नाही, याला गेमवाले ‘डबल कमिट’ टाळणं म्हणतात. आपल्या मुलींना तो शब्द पाठ करायची गरजच नव्हती, त्यांच्याकडे शंभर वर्षं जुना शब्द तयार होता.

त्या दिवसापासून माझ्या घरात गाड्यांचे सामने ‘खो! खो!’ अशा आरोळ्यांत व्हायला लागले.

गेमची दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे बूस्ट. प्रत्येक गाडीची टाकी शंभरची. सामन्याच्या सुरुवातीला मिळतात ३३, सलग वापरले तर साधारण सेकंदभरात संपतात. पूर्ण टाकीही तीनेक सेकंदांची. भरायला मैदानावर ३४ जागा आहेत: सहा मोठ्या, ज्या टाकी पूर्ण भरतात, आणि २८ छोट्या, ज्या प्रत्येकी १२ देतात. नवखी मुलगी सगळं सोडून कोपऱ्यातल्या मोठ्या जागेकडे पळते. ती भरून परत येते तेव्हा गोल झालेला असतो. जाणती मुलगी मागे वळताना वाटेतल्या छोट्या जागांवरून जाते, बारा-बारा वेचत, आणि वेळेवर जागेवर पोचते. माझ्या मुली दमल्या की मैदानात उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवून. आता मी त्यांना सांगते, उभी राहू नकोस, मागे येता येता श्वास घे, बारा-बारा वेच. हे वाक्य त्यांना लगेच कळतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला नवी होती. मागे यायचं ते कुठून? आमची बचावातली मुलगी नेहमी चेंडूच्या बाजूच्या खांबाकडे धावायची. तिथे आमची गोलकीपर आधीच असते, दोघींची टक्कर व्हायची. एका शालेय स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला असाच गोल खाल्ला होता आम्ही, दोघी एकमेकींवर पडलेल्या आणि चेंडू हळूच आत. रॉकेट लीगमध्ये पहिला धडा हाच असतो: लांबच्या खांबाकडून परत या. तिकडून आलं की चेंडू, मैत्रीण आणि येणारी प्रतिस्पर्धी, तिन्ही एकाच नजरेत असतात. जवळच्या खांबाकडून आलं की पाठ मैदानाकडे होते. हे मी पुस्तकातून वाचून सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती. गेममध्ये त्यांनी वीस वेळा स्वतः चुकून पाहिलं.

नजरेचा विषय निघालाच आहे तर ‘बॉल कॅम’बद्दल. एक बटण दाबलं की कॅमेरा चेंडूवर खिळतो, पुन्हा दाबलं की गाडीच्या समोरचं दिसतं. मुली कायम चेंडूवर खिळूनच खेळायच्या. भाच्यानं त्यांना सवय लावली: मागे वळताना बटण दाब, क्षणभर मैदान बघ, परत चेंडूवर ये. नॉर्वेचे अभ्यासक गाईर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगच्या खेळाडूंवर नेमकं हेच पाहिलंय. पास मिळण्याआधी जे आजूबाजूला जास्त वेळा नजर टाकतात, त्यांचे पुढचे पास जास्त यशस्वी होतात. इंग्लंडचा फ्रँक लॅम्पार्ड त्यात अगदी वर होता. आमच्याकडे आता मैदानावर मी नुसतं ‘बटण!’ म्हणते आणि मान वळते.

आणि एक, घाईनं पाय घालणाऱ्यांसाठी. समोरून चेंडू घेऊन कोणी येत असेल तर अंगावर झेपावायचं नाही, तिच्याबरोबर तोंड आपल्या गोलकडे ठेवून मागे मागे सरकायचं आणि तिची चूक व्हायची वाट बघायची. गेमवाले याला शॅडो डिफेन्स म्हणतात. मैदानावर तिला तोंड देऊन, आडवं उभं राहून सरकतात, एवढा फरक. आमच्या चार नंबरनं यात कमाल केली.

आता पालकांचा मुद्दा. ऑगस्टमध्ये एका मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. ‘मॅडम, मी पोरीला मैदानावर पाठवतो ते मोबाइल सुटावा म्हणून. तुम्ही तिला गेम लावून देताय?’ त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. मी त्यांना रात्री फोन करून जे सांगितलं तेच इथे लिहिते. २००३मध्ये शॉन ग्रीन आणि डाफ्ने बावेलिए या दोघांनी एक प्रयोग छापला. एरवी असे गेम न खेळणाऱ्या लोकांना रोज एक तास, दहा दिवस, वेगवान ॲक्शन गेम खेळायला दिला. दुसऱ्या गटाला टेट्रिस. पहिल्या गटाची एकाच वेळी पसरून बघायची, लक्ष विभागायची क्षमता जास्त सुधारली. हे ऐकून ते खूश झाले, पण मी पुढचंही सांगितलं. २०१८मध्ये साला, तातलिदिल आणि गोबे यांनी तोवरचे असे अभ्यास एकत्र तपासले आणि गेम खेळून बुद्धीच्या सर्वसाधारण क्षमता वाढतात याला भक्कम आधार नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणून मी मुलीला हुशार करायचा दावा करत नाहीये. मी एकच सवय शिकवतेय, आणि ती मैदानावर उतरते की नाही ते दर रविवारी तुम्ही स्वतः येऊन बघा.

ते आले. चार रविवार आले. पाचव्या रविवारी त्यांनी फोनवर सामना रेकॉर्ड करून मला पाठवला, वर लिहिलेलं, ‘तिसऱ्या मिनिटाला बघा, हिनं चेंडू सोडला.’

मैदानावर उतरतं का? मी हिशेबाची माणूस, वही ठेवते. सामन्याच्या व्हिडिओत आमच्या तिघी किंवा जास्त जणी एकाच चेंडूला भिडल्या की एक रेघ. जूनचं पान रेघांनी भरलंय, सप्टेंबरचं अर्धंही नाही. मुली चार महिन्यांनी मोठ्या झाल्या, ऑगस्टच्या शेवटी उघडीप मिळाल्यावर सरावही वाढला, ते सगळं त्यात आहेच. पण मैदानावर त्या ‘खो’ म्हणून हाक देतात आणि हाक ऐकून दुसरी पुढे निघते, पहिली मागे वळते. ही हाक मी शिकवली नव्हती.

जे हा गेम देत नाही ते फार मोठं आहे, तेही ऐका. पायाचा पहिला स्पर्श नाही. डावा पाय नाही. खांद्याला खांदा लागला की वाटणारी भीती नाही, आणि ती भीती गेल्याशिवाय मुलगी फुटबॉल खेळूच शकत नाही. छातीत भरणारा दम नाही. गोलकीपरला तर यातून फारच थोडं मिळतं, तिला हातच नाहीत. म्हणून माझा नियम आहे: गेम आठवड्यातून एकदा, दीड तास, त्यात निम्म्याहून जास्त वेळ रिप्ले, आणि पाऊस थांबला तर लगेच खाली. एकटीनं अनोळखी लोकांबरोबर तासन् तास रँक चढवत बसण्यात आमच्या कामाचं काही नाही. तिथे सगळे मोठा गोल मारायच्या मागे असतात.

पैशांचं: गेम फुकट असला तरी आत दुकान आहे. चाकं, रंग, गाड्यांची सजावट. त्यानं खेळात काडीचाही फायदा होत नाही, म्हणून घरच्या कार्डाचा नंबर जोडूच नका. अनोळखी खेळाडूंशी लेखी गप्पा सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याच दिवशी बंद करा. तयार वाक्यं आहेत, ‘आय गॉट इट’, ‘डिफेंडिंग’ अशी, ती पुरतात. मोबाइलवर साइडस्वाइप नावाचं छोटं भावंड आहे, पण ते बाजूनं दिसणारं आणि मुख्यतः दोन विरुद्ध दोन. फिरतं चक्र त्यात येत नाही. सहा जणींचा खरा सामना हवा असेल तर सहा संगणक असलेले बरे. आम्ही स्टेशनजवळच्या एका गेमिंग कॅफेत रविवारी सकाळी दहाला जातो, नाव आणि पासवर्ड घालून खासगी सामना लावतो. दोन हेडफोन बिघडलेले आहेत आणि एसी फार थंड, पण त्या वेळी तिथे दुसरं कोणी नसतं. मुलींच्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं.

आमच्या कामापुरतं मी या गेमला पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो अकरा नंबरमुळे.

तिच्या घरी गेमिंग कॅफेत जायची परवानगी नाही. मी जाऊन बोलले, तिच्या आईला सोबत यायला सांगितलं, मालकांशी बोलणं करून दिलं. नाही म्हणजे नाही. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. संध्याकाळी तिथे मुलांची गर्दी आणि तोंडची भाषा मीही ऐकली आहे. पण ज्या मुलीनं आम्हा सगळ्यांना तो शब्द दिला, तीच या गेमपासून लांब राहिली, हे मला सलतं. घरी तिच्याकडे संगणक नाही, पीएस४ नाही. माझ्या घरचे दोन-तीन शनिवार एवढंच तिला मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे फराळ द्यायला गेले. स्वयंपाकघराच्या फरशीवर बाटल्यांची सहा झाकणं मांडलेली, तीन निळी, तीन लाल, आणि मधे एक चणा. तिचा धाकटा भाऊ लाल झाकणं सरकवत होता. ही निळं झाकण पुढे नेत होती, चण्याला टेकवत होती, आणि मग बाजूनं वळवून लांबच्या फरशीच्या रेघेकडे परत आणत होती. दर वेळी दुसरं झाकण हलवायच्या आधी हळू आवाजात म्हणायची, ‘खो.’